आजारी बिअर्डीची घरची शुश्रूषा: आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी

गेल्या जानेवारीत गुंड्याने चार दिवस तोंडाला काही लावलं नाही, तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते, कारण नेमकं तेच करायचं नसतं. आपल्याकडे घरात कुणी आजारी पडलं की पहिली धाव स्वयंपाकघराकडे. पेज, मऊ भात, "दोन घास तरी खा." मीही लाल भोपळा उकडला, त्याची पातळ लापशी केली आणि सिरिंजने त्याच्या तोंडात सोडली. संध्याकाळी त्याने ती जशीच्या तशी ओकून टाकली.

गुंड्या म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन, लाडाने बिअर्डी. साताऱ्याला आईच्या तोंडी "तुमचा तो सरडा". आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे कुत्रा-मांजर जमत नसलेल्या घरांत मुलं हट्टाने हा प्राणी आणायला लावतात, आणि शुश्रूषा आईबापांच्या गळ्यात पडते. तसं गळ्यात पडलेल्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट समजली की पुढचं सगळं आपोआप जुळतं. हा मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, रखरखीत भागातला प्राणी. (ऑस्ट्रेलियाने स्थानिक वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात केव्हाच बंद केली, त्यामुळे आपल्या घरातले बिअर्डी पिढ्यानपिढ्या पेट्यांतच जन्मलेले असतात, पण शरीर अजून त्या वाळवंटाचंच आहे.) आपल्यासारखी आतून उष्णता तयार करायची सोय त्याच्याकडे नाही. अन्न पचणं, जंतूंशी लढणं, औषध शरीरात भिनणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. थंड पडलेल्या पोटात घातलेलं अन्न पचत नाही, आत कुजतं. म्हणून क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी.

पायरी पहिली: खरंच आजारी आहे का?

नवखे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. ऊन खाताना बिअर्डी तोंड उघडं ठेवून बसतो, ते अंग जास्त तापू नये म्हणून. त्यात काळजीचं काही नाही. कात टाकायच्या आधी रंग फिका पडतो, भूक मंदावते. हिवाळ्यात मोठे बिअर्डी आठवडेच्या आठवडे झोपून काढतात, याला ब्रूमेशन म्हणतात. ब्रूमेशनमधल्या प्राण्याचं वजन फारसं घटत नाही, डोळे भरलेले असतात आणि जाग आली की नजर स्वच्छ असते. वजन उतरत असेल, डोळे खोल गेले असतील तर "झोपलाय हो" म्हणून सोडून देऊ नका. एक वर्षाच्या आतलं पिल्लू सुस्त पडलं तर ब्रूमेशनचा विचारच मनात आणायचा नाही, ते आजारी आहे असंच धरायचं.

गळ्याखालची दाढी काळी होणं ही राग, भीती किंवा वेदना, कशाचीही खूण असू शकते. समोर कुणी नसताना दिवसभर काळीच राहिली तर मात्र त्याला काहीतरी दुखतंय.

खालच्यापैकी काही दिसलं तर लेख बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरला फोन करा:
- पेटीच्या थंड, म्हणजे दिव्यापासून लांबच्या बाजूला बसूनही तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडात किंवा नाकात बुडबुडे, श्वासाला घरघर
- झटके, पाय थरथरणं, मागचे पाय ओढत चालणं
- शेपटीखालच्या छिद्रातून लालसर मांस बाहेर येणं (ते स्वच्छ पाण्याने ओलं ठेवायचं, आत ढकलायचं नाही)
- शेपटीचं टोक किंवा बोट काळं, सुकं पडणं आणि तो काळेपणा वर सरकणं
- मादी कळा देतेय पण अंडी बाहेर येत नाहीत
- काजवा किंवा अव्होकाडो खाल्ल्याचा संशय. काजवा तर एखादाही जीव घेऊ शकतो.

पायरी दुसरी: डॉक्टर, वजन आणि शी

डॉक्टर शोधायची वेळ प्राणी आजारी पडल्यावर नसते, पण बहुतेकांचं तसंच होतं, आमचंही झालं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने सरपटणारे प्राणी बघत नाहीत. फोनवर सरळ विचारायचं: "तुमच्याकडे आठवड्याला किती सरडे येतात?" उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला तर पुढचा नंबर लावा. सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांची 'एआरएव्ही' ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या यादीत देशावरून नावं शोधता येतात.

जाण्याआधी दोन गोष्टी तयार ठेवा. पहिली, वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो, पण त्याच्यासाठी वेगळा घ्या, पिठाचा वापरू नका. मोठा बिअर्डी साधारण ३५० ते ५५० ग्रॅमचा असतो. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा घटला तर ती गंभीर बाब समजा. दुसरी, ताजी शी. घट्ट झाकणाच्या डबीत घ्या, लगेच जाता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा (डबीवर चिठ्ठी चिकटवा, आमच्याकडे एकदा ती चटणीशेजारी गेली होती) आणि दिवसभरात पोचवा. शीसोबत येणारा पांढरा गोळा म्हणजे त्याची लघवी. तो मऊ आणि पांढरा असेल तर ठीक. पिवळा-नारिंगी, खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय.

थंडीत नेताना पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घालून, बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवायची. थेट अंगाला लावायची नाही.

पायरी तिसरी: ऊब

इथे घाई करू नका, अर्धा उपचार इथेच होतो.

ऊन खायच्या जागेवरच्या दगडाचं किंवा लाकडाचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवं, थंड बाजूची हवा २२ ते २६. पेटीच्या काचेला चिकटवलेला गोल काटेवाला थर्मामीटर बघून हे ठरवू नका. तो काचेचं तापमान सांगतो, आणि तेही मनाला येईल तसं. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड बंदूक (लांबूनच तापमान दाखवणारा थर्मामीटर) आणि हवेसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. आमच्या काट्यावर ४० दिसत होतं. बंदूक लावली तर दगड ३१ वर. म्हणजे गुंड्या कित्येक आठवडे अर्धवट गारठलेला होता आणि आम्ही त्याला "आळशी" म्हणत होतो.

निरोगी बिअर्डीला रात्री १८-२० अंश चालतात. आजाऱ्याला मी २४ च्या खाली जाऊ देत नाही. इंग्लंडात रात्री सेंट्रल हीटिंग बंद झालं की खोली पहाटेपर्यंत पार गारठते, तेव्हा थर्मोस्टॅटला जोडलेला सिरॅमिक हीटर लावा. तो उजेड देत नाही, त्यामुळे झोप मोडत नाही. लाल दिवा नको, तो रंग त्यांना दिसतो. विजेवर तापणारे नकली दगडही नकोत, पोट भाजलं तरी हा प्राणी कितीतरी वेळ उठत नाही.

आता महत्त्वाची सावधगिरी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. आजारी सरड्याची धाव दिव्यापर्यंतही पोचत नाही, आणि पोचलीच तर तिथून परत येण्याइतकी ताकद नसते. लुळ्या पडलेल्या प्राण्याला उचलून ४० अंशांच्या दिव्याखाली ठेवलं तर तो तिथेच भाजेल. अशा वेळी सगळी पेटीच २८ ते ३० अंशांवर ठेवा, आणि मान उचलून स्वतः हलू लागला की मग नेहमीची गरम-थंड बाजू परत करा.

उबेइतकाच महत्त्वाचा आहे अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीबीचा दिवा. त्याशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड नसलं की पोटातलं कॅल्शियम हाडांपर्यंत जात नाही. पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) घ्या, १२ किंवा १४ टक्के यूव्हीबीची. पेच असा की नळी जुनी झाली तरी उजेड देत राहते, फक्त यूव्हीबी आटत जातं. डोळ्यांना काही कळत नाही. बसवलेल्या दिवशी नळीवर मार्करने तारीख लिहा आणि बारा महिन्यांत बदला. आमची चौदा महिन्यांची होती. आणि "खिडकीत उन्हात ठेवतो की" हे उत्तर नव्हे. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, वर काचेच्या पेटीत उन्हाने प्राणी शिजू शकतो.

पायरी चौथी: पेटीचं हॉस्पिटल

वाळू, भुसा, शोभेच्या वेली, सगळं बाहेर काढा. खाली स्वयंपाकघरात वापरतो ते कागदी टॉवेल अंथरा. त्यावर शी, लघवी, ओकारी, रक्त सगळं दिसतं आणि रोज बदलता येतं. चढायची फांदी काढून सपाट, बुटका दगड ठेवा. हाडं ठिसूळ झाली असतील तर हातभर उंचीवरून पडणंही महागात पडतं. लपायला एक खोकं असू द्या. दुसरा बिअर्डी सोबत असेल तर लगेच वेगळा करा. खरं तर दोघांना एकत्र ठेवायचंच नसतं. एकावर एक चढून बसणं हे प्रेम नाही, दिव्याच्या जागेवरची दादागिरी आहे.

मुंबई-कोकणात किंवा पुण्यात हा प्राणी पाळणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे उबेपेक्षा पावसाळ्यातली दमट हवा त्रास देते. पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के हवी. जुलैत ती ८० वर गेली की छातीचे विकार आणि त्वचेवरची बुरशी यांना रान मोकळं मिळतं. जाळीचं झाकण, वाहती हवा, पाण्याचं भांडं पेटीत कायम न ठेवता ठरावीक वेळी देणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पायरी पाचवी: पाणी

अंग गरम झालं की पाणी. साचलेलं पाणी भांड्यातून प्यायचं असतं हे बऱ्याच बिअर्डींना उमगतच नाही. नाकाच्या टोकावर ड्रॉपरने एक थेंब सोडा. तो ओघळून ओठांवर आला की जीभ बाहेर येते. मग दुसरा थेंब. दहा मिनिटं लागतात, लागू द्या. दिवसातून दोन-तीनदा. तोंड उघडून पिचकारी मारायची नाही. त्यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं, पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

कोमट पाण्यातली आंघोळही चालते, ३२ ते ३५ अंश, खोली त्याच्या कोपरापर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. त्वचेतून पाणी आत शोषलं जातं हा गैरसमज आहे. आंघोळीत काही जण पाणी पितात आणि बऱ्याच जणांना शी होते, फायदा तेवढाच. मान वर धरता येत नसेल तर आंघोळ नाही. आणि फोन वाजला तरी त्याला टबात एकटं सोडून जायचं नाही. नंतर नीट पुसून दिव्याकडे.

साखर-मिठाचं पाणी घरच्या अंदाजाने देऊ नका. डोळे खोल गेलेत, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहते, लाळ चिकट तारेसारखी ताणली जाते: हे दिसलं तर थेंबांनी भागणार नाही, डॉक्टरकडून सलाइन लागतं.

पायरी सहावी: आता खाणं

ऊब मिळून निदान एक दिवस झाला, पाणी पोटात गेलं, नजर थोडी जिवंत झाली, की मग खाण्याचा विचार. मोठा, अंगाने बरा असलेला बिअर्डी आठवडाभर न खाता काढू शकतो. पिल्लाला तेवढी मुभा नाही, त्याने दोन दिवस खाल्लं नाही तरी फोन करा.

सुरुवात सोप्या गोष्टींनी. किसलेला कच्चा लाल भोपळा, डँडेलियनची कोवळी पानं, रॉकेट नावाची पालेभाजी, कोथिंबीर. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. किडे द्यायचे तर मऊ, रेशमाचे किडे मिळाले तर उत्तम. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. (इथे टोळ डबीत विकत मिळतात. शाकाहारी घरात फ्रिजवर जिवंत टोळांची डबी ठेवायची म्हणजे काय, ते सासूबाई आल्या होत्या त्या महिन्यात कळलं. त्यांनीच नंतर चिमट्याने भरवायला सुरुवात केली, ती वेगळी गोष्ट.)

स्वतः खातच नसेल तर आजारी प्राण्यांसाठी तयार पावडरी मिळतात, त्या पाण्यात कालवून सिरिंजने देतात. कोणती, किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा, हे वजनावर ठरतं आणि डॉक्टरच ठरवतो. भरवायची पद्धत मात्र शिकून घ्या. टॉवेलमध्ये सैल गुंडाळायचं, डोकं आडवं ठेवायचं, गळ्याखालची सैल कातडी हलकेच खाली ओढली की बरेचदा तोंड उघडतं. सिरिंज तोंडाच्या कडेने घालायची, थोडं सोडायचं, गिळू द्यायचं. चमच्याने किंवा कुठल्याही धातूच्या वस्तूने जबडा उचकटू नका. त्यांचे बाजूचे दात जबड्याच्या हाडालाच जुळलेले असतात, एकदा तुटले की परत येत नाहीत.

पायरी सातवी: औषधं

इथे माझं मत कडक आहे: डॉक्टरने दिलेलं सोडून काहीही नाही. गुंड्याला बरेच दिवस शी झाली नाही तेव्हा आईने फोनवर एरंडेलाचा थेंब सुचवला, मावशीने ओव्याचं पाणी. प्रेमापोटीच. पण तेल श्वासनळीत उतरलं की न्यूमोनिया होतो. तोंडातल्या जखमेवर हळद लावली तर खाली पू किती आहे ते दिसत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नाहीत, आणि दुकानातून जंताचं औषध आणून अंदाजाने द्यायचं नाही. शीत थोडेफार जंत निघणं नेहमीचं आहे, दर वेळी औषध लागतंच असंही नाही.

अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांना घाबरू नका. सरपटणाऱ्यांचं शरीर औषध हळू वापरतं, त्यामुळे काही इंजेक्शनं तीन दिवसांतून एकदाच असतात. सुई सहसा अंगाच्या पुढच्या भागात, दंडाकडे देतात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, हे त्यामागचं कारण. दवाखान्यात एकदा समोर करून घ्या, तुमच्या हाताने. आणि औषध चालू असताना दिवे बंद पडले तर औषध वाया जातं, हे पुन्हा सांगते. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर गरम पाण्याच्या पिशव्या आणि थर्माकोलचं खोकं हाताशी ठेवा.

नेहमी आढळणाऱ्या काही तक्रारी

सगळ्यात जास्त दिसतो तो हाडांचा आजार. गुंड्याला तोच निघाला. बोटं थरथरणं, जबडा रबरासारखा मऊ पडणं, पाठ वाकडी होणं. कारण बहुधा जुना दिवा किंवा कॅल्शियमची कमतरता. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावणं हे रोजचं काम आहे, पण घाबरून ड जीवनसत्त्व दुप्पट देऊ नका, त्याचीही विषबाधा होते. नवी नळी, डॉक्टरने दिलेलं पातळ कॅल्शियम आणि धीर. थरथर काही आठवड्यांत थांबते. वाकलेलं हाड वाकलेलंच राहतं.

पोट अडकणं: आधी तापमान तपासा. निम्म्या वेळा मूळ तिथेच असतं. कोमट आंघोळ, थोडी हालचाल. पोट टणक, मागचे पाय ढिले, तर एक्स-रे. पोट जोराने चोळायचं नाही.

कॉक्सिडिया नावाचे परजीवी: दुर्गंधी, पातळ शी, पिल्लू वाढत नाही. यात औषधापेक्षा सफाई जड जाते, कारण त्यांच्या अंड्यांवर ब्लीचचाही फारसा परिणाम होत नाही. कागद रोज बदला, शी दिसताक्षणी उचला, लाकडी सामान फेकून द्या, दगड-भांडी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढा.

अंडी: मादी नराशिवायही अंडी घालते. पोट फुगलंय, खाणं सोडलंय, सारखी कोपरे उकरतेय, तर आजार शोधण्याआधी ओलसर माती-वाळूचं वीतभर खोल खोकं ठेवून बघा. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं अवघड असतं. गुंड्याने मार्चमध्ये एकोणीस अंडी घातली. नाव बदलायचं कुणाच्या जिवावर आलं नाही, आणि घरात अजून सगळे "तो"च म्हणतात.

तुमची स्वतःची काळजी

निरोगी दिसणाऱ्या बिअर्डीच्या शीतही साल्मोनेला असू शकतो. त्याचा टब, ब्रश, सिरिंज वेगळी ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही धुऊ नका, टबातलं पाणी संडासात ओता. हात साबणाने, प्रत्येक वेळी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, आजीआजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर आजारी प्राण्याचं काम त्यांच्याकडे नको. आणि नाकाला नाक लावून पापी घ्यायची नाही. मुलीला हे पटवायला मला इंजेक्शनपेक्षा जास्त कष्ट पडले.

वही

एक साधी वही करा. तारीख, सकाळचं वजन, दगडाचं तापमान, पाण्याचे थेंब, काय खाल्लं, शी, औषध. रोज एकाच वेळी वजन करा, पण एका दिवसाच्या दोन-चार ग्रॅमच्या चढउताराने हबकू नका, आठवड्याचा कल बघा. घरात दोघं-तिघं मिळून बघत असाल तर वही आणखी गरजेची. आमच्याकडे एकदा मी आणि नवऱ्याने दोघांनीही सकाळचं कॅल्शियम दिलं होतं.

गुंड्या जानेवारीत २९८ ग्रॅम होता, मेमध्ये ३७२. औषधाचा कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शी पुन्हा तपासून घ्या, ती स्वच्छ आली की फांदी, दगड, वेली हळूहळू परत ठेवा. फांदी आधी बुटकी. आणि नव्या नळीवर तारीख लिहिलीत का, ते आत्ता उठून बघा.